रेकॉर्डवर काय आलं?

लातुरातल्या पहिल्याच संध्याकाळी मी उपाशी राहिलो, आणि त्यात दुसऱ्या कुणाचाच दोष नव्हता. घरमालकीण काकूंनी विचारलं होतं. मी 'नको' म्हणलो होतो. एवढीच भानगड.

म्हणजे झालं असं. डाळमिलच्या ऑफिसात मला नोकरी लागली होती. कंधारकडच्या आमच्या गावाहून दोन बस बदलून, पाठीला सॅक आणि काखेत वळकटी मारून मी काकूंच्या माडीवरच्या खोलीत उतरलो. रविवार होता. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे ज्ञान मला तोवर झालेलं नव्हतं. सकाळी घरून दोन भाकरी खाऊन निघालेला माणूस मी. पोटात कावळे ओरडत होते, आणि तेवढ्यात खालून थालीपिठाचा वास आला. पाठोपाठ काकू जिन्यात आल्या. साठी ओलांडलेल्या, चणीनं बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"थालीपीठ टाकून राहिले. खाणार का?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं याला काय उत्तर देतात? एकदम 'हाव, आणा' म्हणतं का कुणी? तसं म्हणलं असतं तर तिकडं गावात माझी आई बसल्या जागी लाजेनं मेली असती. पहिल्यांदा नको म्हणायचं. मग समोरच्यानं 'असं कसं, घ्या की थोडं' म्हणायचं. मग आपण 'खरंच नको, आत्ताच झालं'. मग त्यानं शपथ घालायची. मग आपण उपकार केल्यासारखं ताटावर बसायचं आणि सहा थालीपिठं हाणायची. हे सगळं न शिकवता येतं आपल्याला.

"नको काकू, जेवून आलो," मी म्हणलो, आणि पुढच्या आग्रहासाठी तोंड वाकडंतिकडं करून तयार राहिलो.

"बरं," काकू म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मला वाटलं ताट वाढायला गेल्यात. पाच मिनिटं दारात उभा होतो. मग खालून कडी लावल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी मी बिस्किटाचा पुडा आणि तांब्याभर पाण्यावर निभावलं. काकूंना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाचं तेच. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या लाडवाचं तेच. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला.

"काकू, तुम्ही एकदाच विचारता."

"मग? कितीदा विचारू?"

"न्हाई, म्हणजे... दोन-तीनदा तरी विचारतात ना आपल्याकडं."

"तू नको म्हणलास. रेकॉर्डवर काय आलं? नको आलं. मनातलं रेकॉर्डवर येत न्हाई बाबा."

मग कळलं. काकू जन्मभर कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं आणि काकूंनी ते उतरवून घ्यायचं. रिटायर झाल्या, पण उतरवून घेणं काही थांबलं नाही. समोरचा बोलायला लागला की काकूंची बोटं मांडीवर टकटक चालायची. "साक्षीदार बाहेर व्हरांड्यात येऊन बोंबलायचे, मला तसं म्हणायचं नव्हतं म्हणून," त्या सांगायच्या. "मग तसं बोललास कामून? आम्ही काय तुझ्या पोटात शिरून बघावं?" आम्ही माडीवरचे भाडेकरू त्यांना आपसात 'कोर्ट' म्हणायचो. कोर्ट उठलं, कोर्ट भाजीला गेलं, आज कोर्टाचं डोकं फिरलंय, असं.

'बघू', 'येतो की', 'कळवतो' या शब्दांचा त्यांना भयंकर राग. शेजारच्या वहिनी एकदा सहज म्हणाल्या, "कधी या की हो घरी."

"कधी येऊ?"

"अहो, कधीही या. आपलंच घर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता काकू हजर. वहिनींचे मालक टॉवेलवर दात घासत होते. काकू सोफ्यावर बसल्या, चहा प्याल्या, पेपर वाचला आणि साडेसातला उठून आल्या. वहिनींनी त्या दिवसापासून कुणालाच 'कधीही या' म्हणलेलं नाही. बुधवारी चारला या, असं वेळेसकट सांगतात.

पण एक मान्य करायला पाहिजे. काकूंकडं मागितलं तर मिळायचं, आणि मिळायचं नसलं तर तसं तोंडावर कळायचं. मी एकदा त्यांची स्कूटी मागितली. "न्हाई देत. नवीन हाय, तू पाडशील." झालं. मी माडीवर येऊन फुगून बसलो, आता या बाईशी बोलायचंच नाही म्हणून. पंधरा मिनिटांनी खालून हाक आली, "चहा टाकलाय, पाहिजे का?" आवाजात काहीच नाही. नाही म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या, फुगलो होतो मी एकटाच.

आमच्या घरात 'नाही' म्हणजे केवढं मोठं प्रकरण! चुलत्यानं एकदा आमच्या बापाला पेरणीच्या वेळेला ट्रॅक्टर दिला नाही, तर त्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही अक्षता टाकायला गेलो नाही. त्यामुळं आम्ही कुणाला काही मागतच नाही. समोरच्यानं ओळखावं. ओळखलं नाही तर मनात धरायचं. मी चोवीस वर्षांचा होईपर्यंत कुणाला सरळ काही मागितलेलं मला आठवत नाही.

आता मूळ गोष्ट. काकूंना एकुलता एक मुलगा. पुण्यात, कंपनीत. सून चांगली, भांडण-बिंडण काही नाही. श्रावणात एका दुपारी मी काकूंच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मुलाचा फोन आला. काकू फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, लपवून बोलणं त्यांना पटायचं नाही.

"आई, दिवाळीच्या आसपास बाळंतपण हाय. तू येतेस का इकडं? ये, चार-सहा महिने राहा."

काकूंचा चेहरा मी बघितला. असा खुलला होता की बस. आणि तोंडातून काय आलं?

"नको रे बाबा. माझं काय काम तिथं? तुमच्या घरात उगं अडचण. तिची आई हाय की."

"नक्की?"

"हाव. नको."

"बरं," मुलगा म्हणाला. "मग सासूबाईंना सांगतो."

फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ शेंगांच्या टरफलांकडं बघत होत्या. 'बरं' हा त्यांचाच शब्द. पोराला त्यांनीच वाढवलं होतं, तो दुसरं काय बोलणार? मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडं बघून ते गिळलं.

दिवाळीत नात झाली. काकू बारशाला गेल्या आणि पाहुण्यासारख्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. नंतर रोजचं सुरू झालं. फोनवर नातीचे फोटो मोठे करून बघायचे. कुणी विचारलं, "राहिला न्हाईत व्हय नातीजवळ?" की म्हणायचं, "कुणी राहा म्हणलं न्हाई." शेजारच्या वहिनींना, दूधवाल्याला, किराणा दुकानदाराला, सगळ्यांना हेच. जगाची जबानी शब्दन् शब्द तपासणारी बाई स्वतः खोटी साक्ष देत हिंडून राहिली होती, आणि मला ते माहीत होतं. पण मी बोलायचो नाही. काढलं खोलीतून बाहेर तर? लातुरात एकट्या पोराला खोली मिळवताना नाकी नऊ येतात.

बरं, दुसऱ्यांच्या बाबतीत या बाईची जीभ बघायची होती. त्याच हिवाळ्यात त्यांच्या भाचीला बघायला उदगीरकडचे पाहुणे आले. काकूंना मित्राच्या मोटरसायकलवर मीच नेलं होतं, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. पोहे झाले, पसंती झाली. पोराच्या मामानं मांडी बदलली आणि मोठ्या मनानं सांगितलं, "आम्हाला काही नको. देवाच्या दयेनं सगळं हाय. तुम्हाला तुमच्या पोरीला हौसेनं काय करायचं ते करा."

काकूंनी पिशवीतून वही काढली. चष्मा लावला.

"पुन्हा सांगा. काही नको. बरोबर?"

"हाव... म्हणजे..."

"सोनं नको. गाडी नको. लिहून राहिले मी."

"तसं न्हाई म्हणलो बाई मी."

"मग कसं म्हणलात? सांगा की, तसं लिहिते. लाजू नका."

मामाला हिवाळ्यात घाम फुटला. वीस माणसांसमोर पाच तोळे अन् मोटरसायकल असं कोण बोलणार? ते तर नंतर, व्हरांड्यात, पोरीच्या बापाच्या कानात बोलायचं असतं. भाचीचा बाप म्हणजे काकूंचा भाऊ त्यांना डोळ्यांनी खुणावत होता, 'बस कर माय, बस कर.' सोयरीक मोडती की काय म्हणून तो घाबरला होता. शेवटी नवरा पोरगाच उठला आणि म्हणला, "लिहा काकू, काही नको." वहीवर सही केली त्यानं! लग्न झालं, थाटात झालं. मी तिथं दोनदा जिलेबी मागून घेतली, स्वतःच्या तोंडानं. पोराचे मामा मात्र काकू दिसल्या की अजून रस्ता बदलतात.

मलाही त्यांनी असंच ठोकून काढलं. तुरीचा हंगाम सुरू झाला आणि मिलमध्ये रविवारची सुट्टी गेली. सलग सहा रविवार. मी शेठजींना विचारायला गेलो आणि परत आलो तो संक्रांतीच्या दिवशीही कामावर यायचं कबूल करूनच.

"तू काय बोललास?" काकूंनी विचारलं.

"मी म्हणलं त्यांना, जरा अडचण हाय..."

"भाव नको सांगू. शब्द सांग."

"मी म्हणलो, 'शेठजी, ते आपलं रविवारचं जरा...'"

"पुढं?"

"पुढं तेच म्हणाले, हाव हाव, रविवारी माल लई येणार हाय, लवकर ये. मग मी 'हो' म्हणलो."

काकूंची बोटं मांडीवर चालली. "ते आपलं रविवारचं जरा," त्यांनी वाचून दाखवलं. "यात मागणी कुठंय? मला तर सापडंना."

मग तालीम झाली. काकू प्लास्टिकच्या खुर्चीत शेठ होऊन बसल्या, कानाला फोन लावला आणि माझ्याकडं बघेचनात. मी अकरा वेळा सुरुवात केली. दहा वेळा 'जरा' आलं. प्रत्येक 'जरा'ला काकू म्हणायच्या, "खोड. पुन्हा." अकराव्यांदा वाक्य सरळ निघालं. दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या टेबलासमोर ते म्हणलो, "शेठजी, मला रविवारी सुट्टी पाहिजे." त्यांनी वर बघितलं. "सगळे न्हाई देत. एक आड एक घे." आणि पुन्हा फोनवर. मी तिथंच उभा. ज्याला घाबरून मी सहा रविवार घालवले ते एवढंच होतं?

"अर्धं न्हाई म्हणले," मी काकूंना सांगितलं.

"मग? जिता हायस की न्हाई?"

हे एवढं सगळं शिकवणारी बाई, आणि पुण्याला फोन लावून एक वाक्य बोलायचं म्हणलं की हिची बोबडी वळायची. माघात एका संध्याकाळी त्या ओट्यावर शेजारच्या वहिनींना सांगत होत्या, "पोरानं एकदा तोंड उघडलं न्हाई. आई, राहा, एवढं म्हणायला काय जातंय?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. वहिनी हळहळून गेल्या. मी पायरीवर बसलो होतो. मला राग आला, आणि वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली, सगळं एकदमच. तरी बोललो.

"काकू, ही खोटी साक्ष हाय."

"काय?"

"श्रावणात फोन आला तेव्हा मी इथंच होतो. तो म्हणला, ये, चार-सहा महिने राहा. तुम्ही नको म्हणालात. त्यानं नक्की का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, हाव, नको. शब्द सांगितले मी, भाव न्हाई सांगितला."

काकू एकदम उसळल्या, "एकदा विचारणं म्हणजे काय बोलावणं असतंय का? आपल्या आईला माणसानं दोन-तीनदा तरी विचारावं!"

"मनातलं रेकॉर्डवर येत न्हाई काकू."

"वर जा," त्या म्हणाल्या. "जा म्हणते ना!"

दोन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मित्राला खोली बघून ठेवायला सांगितलं. सॅक भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चप्पल वाजली. आता खोली सोड म्हणणार, मी मनाची तयारी केली.

"खाली ये. फोन लावायचाय. साक्षीदार पाहिजे."

खाली आल्यावर मात्र फोन लावेचनात. "आधी पोरीची तब्येत विचारते," त्या म्हणाल्या. "मग म्हणते, थंडी लई हाय का तिकडं, सासूबाईंची दमणूक होत असंल..."

"यात मागणी कुठंय?"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुणी पळच काढला असता. मग पदरानं तोंड पुसलं. आवाज एकदम लहान झाला.

"आणि तो नको म्हणला तर? आता त्याची सोय लागलीय. आता मी कुणाला पाहिजे?"

इतक्या महिन्यांत त्या बाईंनी मनातलं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. लावला त्यांनीच. स्पीकरवर.

"बोल आई."

"श्रावणात तू ये म्हणला होतास. मी नको म्हणले. ते खोटं होतं. मला यायचंय. पोरीजवळ राहायचंय."

एका दमात. 'जरा' नाही, 'ते आपलं' नाही.

"मग तेव्हा नको कामून म्हणालीस?"

"वाटलं तू पुन्हा विचारशील."

"तूच तर मारून शिकवलंस, एकदाच विचारायचं."

"शिकवलं ते बरोबरच हाय. वागले मी चूक."

मुलगा हसला नाही. म्हणाला, "आई, आत्ता नको येऊ. सासूबाई हायेत, खोल्या दोन, तुझी झोपायची सोय होणार न्हाई, तुझीही चिडचिड आणि हिचीही. त्या पाच तारखेला जाणार हायेत. तू सहाला ये."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मीच भरीस घातलं होतं, आणि ज्याचं भ्या होतं तेच झालं होतं. पोटच्या पोरानं आईला 'नको येऊ' म्हणलं होतं, तेही माझ्यादेखत. काकू खुर्चीत बसून होत्या. डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"नको म्हणला," त्या म्हणाल्या.

"काकू, माझंच चुकलं..."

"आत्ता नको म्हणला," त्यांनी दुरुस्त केलं. बोटं मांडीवर चालत होती. "सहाला ये म्हणला. दोन्ही लिहायचं, अर्धं न्हाई." आणि रडता रडता एकदम हसायला लागल्या. "एवढ्याशा 'नको'ला भिऊन मी श्रावणापासून झुरून राहिले होते, बघ! डिंक कुठं चांगला मिळतोय रे?"

सहा तारखेला त्या गेल्या. डब्यात डिंकाचे लाडू, पिशवीत जुन्या मऊ लुगड्याची चार दुपटी. चार-सहा महिन्यांसाठी गेलेल्या काकू, नात आता शाळेत जाती तरी तिथंच आहेत. माझंही लग्न झालं, खालचं घर आता मीच भाड्यानं घेतलंय. मध्ये एकदा फोनवर मी त्यांना विचारलं, अगदी सरळ, त्यांनी शिकवलं तसं.

"काकू, इतकी वर्षं झाली. तिथं अडचण होतीय का कुणाला तुमची?"

"झाली असती तर त्यानं सांगितलं असतं. तोंडावर नको म्हणणारं पोरगं हाय ते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर त्यानं राहा म्हणलेलं खरं वाटतंय मला. ठेव आता, पोरगी शाळेतून आली."